मंगळवारची हवा

"कुठंय बुरशी?" इन्स्पेक्टरनं विचारलं. मी भिंतीकडं बोट दाखवलं, आणि भिंतीवर काहीच नव्हतं.

सकाळपर्यंत होती. पलंगाच्या मागं, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून हातभर वर चढलेली, काळपट हिरवी, कडेला पांढरी लव असलेली. थंडी सुरू झाल्यापासून मी घरमालकाला कळवत होते, तो 'बघतो' म्हणत होता, आणि शेवटी वैतागून मी शहराच्या कचेरीत तक्रार केली, तेव्हा कुठं हा डुएन नावाचा माणूस बुटांवर निळ्या पिशव्या चढवून माझ्या झोपायच्या खोलीत येऊन उभा राहिला होता. त्यानं ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं. यंत्र गप्प. "कोरडी आहे," तो म्हणाला. "सकाळी होती," मी म्हटलं. "मग गेली कुठं?" "पुसली." "कुणी?" "मी." हे बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला. उठल्याबरोबर मी ब्लीचची बाटली काढून भिंत घासली होती, बाहेर सगळं गोठलेलं असताना दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या, पलंगावर धुतलेली चादर घातली होती, आणि केस वाळवायच्या यंत्रानं भिंत सुकवली होती. हो, तेसुद्धा. कारण घरी माणूस येणार होता. डुएन हसला नाही. "सगळेच पुसतात," तो म्हणाला. "माणूस येणार म्हटलं की सगळेच. परवा एका म्हाताऱ्यानं उंदरांच्या लेंड्या झाडून काढल्या आणि मग मला आत घेतलं. मी म्हटलं, आजोबा, आता मी लिहू काय? तर म्हणतो, लिहा की उंदीर आहेत म्हणून, माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, माझा आहे हो, यंत्राचा नाही." त्यानं दाराशी बसून बुटांवरच्या पिशव्या काढल्या, नीट घडी घालून खिशात ठेवल्या. "परत उगवली की फोन करा. आणि कृपा करून हात लावू नका तिला."

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या स्वच्छ भिंतीकडं बघत बसले. ब्लीचचा वास नाकाच्या शेंड्यात बसला होता. सगळेच पुसतात. माणूस येणार म्हटलं की. हे वाक्य डोक्यात नुसतं फिरत होतं, अजून कशाला टेकलं नव्हतं. दातात काहीतरी अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथं जावी तसं. मग ते टेकलं. मंगळवार. मी दर मंगळवारी गोठ्यात जाते. दर मंगळवारी, सकाळी, दुधाच्या टाकीशेजारच्या दारानं, आणि आदल्या दिवशी न चुकता फोन करते, कारण आमच्याकडं फोन न करता कुणाच्या दारात जात नाहीत. आई म्हणायची, न सांगता फक्त आग आणि पाद्री येतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. हिवाळ्यात बंद गोठ्यात वासरांना खोकला होतो, फुप्फुसं खराब होतात, त्यातली काही मरतात. गोठ्यात मुताचा अमोनिया साठतो. तर या अमोनियाचा आणि त्या फुप्फुसांचा संबंध किती, हे मोजायचं. एकच गोठा, पण खोलात जाऊन: टॉलफसन नवराबायकोचा, म्हणजे आर्डेन आणि लव्हॉनचा, मॅडिसनपासून तासाभरावर. हा तिसरा हिवाळा. दर मंगळवारी मी वासरांच्या खोलीत गुडघ्यावर बसते, वासरू जिथं नाक ठेवून झोपतं त्या उंचीवर यंत्र धरते, हवा मोजते, मग एकेका वासराची छाती भादरून सोनोग्राफी करते. हवा मोजणारं यंत्र तिथं कायमचं ठेवायचा प्रयत्न पहिल्या हिवाळ्यात केला होता. वासरांनी त्याची वायर चघळून टाकली, उरलेलं त्याच अमोनियानं खाल्लं. तीन हिवाळ्यांचा निकाल असा, की हवा उत्तम आणि फुप्फुसं वाईट. म्हणजे संबंध नाही. माझे प्राध्यापक ओपर्मन याच्यावर खूश आहेत. "संबंध नाही हेही उत्तरच असतं, मॅरिट," ते म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात शेतकऱ्यांची हिवाळी सभा आहे, तिथं मी उभी राहून हे उत्तर सांगणार आहे. लोक कॉफीचे कागदी पेले घेऊन ऐकतील, माना डोलावतील, घरी जातील आणि खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबतील. थंडीत वासरांना गारठा लागतो म्हणून तेवढं त्यांना करायचंच असतं. फक्त कुणीतरी शिकलेल्यानं 'चालेल' म्हणायची खोटी.

मी कॉम्प्युटर उघडला. हवेचं यंत्र टिकलं नव्हतं, पण छताला टांगलेलं साधं तापमानाचं यंत्र तिन्ही हिवाळे टिकलं होतं, कारण तिथवर जीभ पोचत नाही. त्याची रेघ मी शेकडो वेळा पाहिली आहे. आठवडाभर सपाट जाते आणि मंगळवारी सकाळी खाली एक खड्डा पडतो. दर मंगळवारी. हा खड्डा मला पहिल्या वर्षीच दिसला होता. मी अशी काही आंधळी नाही. मी त्याला नावसुद्धा दिलं होतं: टँकरचा खड्डा. दुधाचा टँकर येतो, मोठं दार उघडतं, गार वारा आत येतो. किती नीट बसत होतं! ओपर्मनसाहेबांनाही आवडलं होतं. आता मी ब्लीचच्या वासात बसून त्या रेघेकडं पाहिलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, कारण दुधाचा टँकर दिवसाआड येतो. हे मला माहीत होतं. कितीदा तरी त्या ड्रायव्हरशी मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आहेत. खड्डा टँकरचा नव्हता. खड्डा माझा होता.

मी ओपर्मनना फोन लावला. ते जेवत होते. सॅलडची पानं चावल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुला नक्की ठाऊक आहे का, की ते तुझ्यासाठी साफ करतात?" मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, कारण मी पण करते." "हा पुरावा नाही." "नाही." "बरं. मग सोपं आहे. त्यांना सांग, आता सहा आठवडे कशाला हात लावू नका. मंगळवारीसुद्धा नाही. जसं आहे तसं राहू दे, तू जाऊन मोज. सभेत पुढच्या वर्षी बोल. खरं तर हे फारच छान झालं, मॅरिट. स्वच्छ आणि घाण, दोन्ही हाती आलं." चावण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला त्यांचा राग का आला ते सांगता येणार नाही, कारण ते बरोबर बोलत होते. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते, कदाचित सॅलड बाजूला ठेवून.

तो शुक्रवार होता. मी फोन न करता निघाले. रस्त्यावर मीठ टाकलेलं, दोन्ही बाजूला मळकट बर्फाचे बांध, त्यामागं मक्याची खुंटं. फोन न करता निघालं की गाडी चालवण्यातही काहीतरी चोरटं वाटतं, हे मला नव्यानंच कळलं. मला आई आठवत राहिली. शेवटच्या वर्षी तिला दम लागायचा. ओ क्लेअर गावच्या घरात वरच्या मजल्यावर जाताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि भिंतीवरचा फोटो बघत असल्यासारखं करायची. डॉक्टरकडं जायच्या आदल्या दिवशी मात्र ती जिना चढायचीच नाही. खाली सोफ्यावर झोपायची, हळूहळू बोलायची, श्वास जपून ठेवायची, जशी एखादी बाई पाहुण्यांसाठी लोणी जपून ठेवते. दवाखान्यात गेल्यावर तिचा श्वास इतका शहाण्यासारखा वागायचा की डॉक्टर म्हणायचे, वयाच्या मानानं छान आहे. "मग आपण जातो कशाला?" मी ओरडले होते तिच्यावर, गाडीत. "तुला बरं वाटत नाही हे त्यांना कळायला नको?" "अगं, तसं काही वाईट नाही," आई म्हणाली होती, "आणि त्यांच्यापुढं धापा टाकत बसायचं म्हणजे..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्या 'म्हणजे'च्या पुढं काय, ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. तसं काही वाईट नाही. आमच्या भागात बर्फात गाडी उलटली तरी माणूस आतून हेच म्हणतो. आई गेली तेव्हा तिच्या कागदांमध्ये सगळे आकडे चांगले होते. आकड्यांवरचा माझा राग तेव्हाचा असेल, आणि मी आकड्यांचंच काम धरलं. याला काय म्हणायचं?

टॉलफसनांच्या मागच्या अंगणात गाडी उभी केली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला, आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत लव्हॉन बाहेर आली. आर्डेनचा जुना स्वेटर, कोपराला भोक, केसांना रुमाल. तीन हिवाळ्यांत मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. मंगळवारी ती इस्त्रीचा ब्लाऊज घालते. हेही मला दिसलं होतं, आणि मला वाटायचं, किती टापटिपीची बाई.

"काय झालं?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही. सहज आले."

"सहज?" तिनं हा शब्द असा उच्चारला की जणू मी आजारपण सांगितलं. "आज काय मंगळवार आहे का? फोन करायचा की ग पोरी. घरात केकचा तुकडासुद्धा नाही. ये, आत ये, कॉफी तरी टाकते."

"नको, मी आधी वासरं बघते."

"अगं, कॉफी."

"खरंच नको."

"घोटभर."

तिसऱ्यांदा नाही म्हणायचं नसतं, तिसऱ्यांदा 'बरं, घोटभर' म्हणायचं असतं. मी तिसऱ्यांदाही नाही म्हटलं आणि गोठ्याकडं चालू लागले. मागून तिची चप्पल बर्फात कचकचत होती. ती माझ्यापुढं जायला बघत होती. दोघी जवळजवळ पळत होतो, आणि तोंडानं हवापाण्याच्या गोष्टी करत होतो. "वारा आहे नाही?" "आहे ना." "रात्री अजून पडेल." "पडेल." दाराशी मी आधी पोचले.

डोळ्यांनी आधी ओळखलं. पापण्यांच्या आतल्या बाजूला कुणीतरी कांदा चोळावा तसं. मग घसा. खिडक्या बंद, काचांवर आतून वितळलेल्या पाण्याचे ओघळ, आणि खाली अंथरलेलं काड ओलं, काळं, बूट टेकला की पाणी वर येणारं. आर्डेन कोपऱ्यात बादली धुवत होता. मला बघून त्यानं बादली खाली ठेवली आणि टोपी काढून परत घातली. "अरे वा, डॉक्टरीणबाई. आज कशा काय?" मी गुडघ्यावर बसले. पँटमधून गार ओल मांडीपर्यंत चढली. यंत्र वासराच्या नाकाशी धरलं. मंगळवारी चार-पाचाच्या पुढं न जाणारा आकडा हळूहळू चढत गेला आणि अठ्ठावीसवर थांबला. वासरू खोकलं. खोकताना ते मान पुढं करतं आणि चारी पाय जरा रुंद करतं, पडू नये म्हणून. मंगळवारीही ते असंच खोकायचं, पण मंगळवारी त्याच्याखाली पिवळंधमक कोरडं काड असायचं आणि मी मनात म्हणायचे, इतक्या छान हवेत कसं काय बरं.

"आमचं आवरायचं राहिलंय आज," लव्हॉन म्हणाली.

"मी येणार म्हणून आवरता ना तुम्ही? मंगळवारी?"

"मग? तू येणार आणि आम्ही हे दाखवायचं?"

"मी हेच तर बघायला येते, लव्हॉन. तीन वर्षं हेच बघायला येतेय मी."

"मी सांगत होतो हिला," आर्डेन म्हणाला, "ती हवा मोजायला येते, तुझी फरशी बघायला नाही."

"आणि खिडक्या कोण उघडायचा? पंखा कोण लावायचा? मी?" लव्हॉन त्याच्यावर उलटली.

"वास येतो म्हणून उघडायचो मी. एवढी शिकलेली पोरगी, तिनं काय नाक धरून बसायचं?"

"त्या खिडक्यांसाठीच..." मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला, निम्मा रागानं, निम्मा अमोनियानं. "माझा सगळा अभ्यास त्या खिडक्यांवर आहे. जे मोजलं ते सगळं खोटं."

लव्हॉनचा चेहरा बदलला. मला वाटलं ती रडेल, पण तिला राग आला होता. रुमालाखालचं कपाळ लाल झालं. "खोटं?" ती म्हणाली. "मी तुला फसवलं असं म्हणायचंय का तुला?"

"तसं नाही. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दामच केलं! पहाटे उठून केलं. या गुडघ्यांनी केलं. तू येणार होतीस म्हणून केलं. माणूस येणार म्हणून झाडलं तर ते खोटं होतं होय? मग तुमच्याकडं काय करतात? पाहुण्याला उकिरड्यावर बसवतात?"

मला भिंत आठवली. आर्डेन दाताळं हातात घेऊन उभा राहिला, कुणाची बाजू घ्यावी ते न कळणाऱ्या माणसासारखा. मी त्याला विचारलं, रोज का नाही उघडत खिडक्या. तो म्हणाला, गारठतील बिचारी. मी म्हटलं, गारठ्यानं नाही खोकत, या हवेनं खोकतात. तो म्हणाला, "जनावरांचा डॉक्टरही हेच म्हणतो. बारा वर्षं म्हणतोय." आणि मग खिडकीकडं बघून अगदी मनापासून म्हणाला, "पण तसं काही वाईट नाही." त्याचे स्वतःचे डोळे लाल होते.

वासरं एकेक करून जवळ आली, माझी बाही चघळू लागली. मग लव्हॉन खाली बघत म्हणाली, "बरं, सांग आता. काय करू? तू म्हणशील तसं. मंगळवारी हात लावू नको म्हणत असशील तर नाही लावणार. मेल्याहून मेल्यासारखं होईल मला, पण नाही लावणार. तुझा अभ्यास आहे."

हेच मला हवं होतं. हेच ओपर्मननी सांगितलं होतं, आणि मी न मागता ते माझ्या ओंजळीत पडलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. सहा आठवडे, आकडे, आलेख, स्वच्छ विरुद्ध घाण, आणि पुढच्या हिवाळ्यात मी सभेत उभी राहून खरं ते सांगेन, आणि कितीतरी गोठ्यांच्या खिडक्या उघडतील, कदाचित. बारा वर्षं जनावरांचा डॉक्टर सांगतोय तशा उघडतील. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला ती रेघ दिसली, छताच्या यंत्राची, आठवडाभर सपाट आणि मंगळवारी खड्डा. आठवड्यात एकदाच या वासरांच्या फुप्फुसात बाहेरची हवा जाते, आणि ती मी येते म्हणून जाते. मी तीन वर्षं निरीक्षण करत नव्हते. मी औषध होते, आठवड्याला एक मात्रा, आणि आता माझ्याच तोंडानं मला ती बंद करायची होती, उरलेलं सगळं आणखी नीट मोजता यावं म्हणून. समोरच्या वासराच्या नाकाला बुडबुडा आला होता. तो फुटला. याला शास्त्रात काही किंमत नाही, मी स्वतःला सांगितलं. अठ्ठावीस या एकट्या आकड्यालाही नाही. एकदा मोजलेला आकडा म्हणजे अफवा. मला फार, फार वैताग आला. या दोघांचा, ओपर्मनांचा, आईचा, त्या निळ्या पिशव्या घडी करून खिशात ठेवणाऱ्या माणसाचा. कुणालाही नुसतं जसं आहे तसं राहता का येत नाही, आणि जसं आहे तसं राहिलं की ते इतकं वाईट का असतं?

"नको," मी म्हटलं. "तसं काही नका करू. पण मी आता मंगळवारी येणार नाही."

"रागावलीस?"

"नाही. कुठल्याही दिवशी येईन. फोन करणार नाही."

लव्हॉन माझ्याकडं बघत राहिली. मी काय म्हणतेय ते तिच्या डोक्यात शिरताना मला दिसत होतं. "कुठल्याही म्हणजे?"

"सोमवारी येईन. लागोपाठ दोन दिवस येईन. पंधरा दिवस येणारही नाही."

"रविवारी?" आर्डेननं विचारलं.

"रविवारीसुद्धा."

"मेलो," तो म्हणाला.

लव्हॉननं गोठ्याकडं एकदा नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी माझ्या डोळ्यांनी, आणि पुढचा प्रत्येक दिवस तिच्या चेहऱ्यावर मोजला गेला. मला माहीत होतं, हा गोठा आज दिसला तसा मला पुन्हा कधीही दिसणार नाही; मी कधी येईन ते ठाऊक नाही म्हटल्यावर ती तो रोजच झाडणार होती. अभ्यासाचे तीन हिवाळे गेले, आणि आता पुढचेही. ओपर्मनना काय सांगायचं ते मला अजून सुचत नव्हतं. सभेत मी उभी राहणार नाही एवढंच ठरलं होतं. आर्डेननं दाताळं भिंतीला टेकवलं, खिडकीपाशी गेला आणि गोठून बसलेल्या चौकटीला मुठीनं एक ठोसा दिला. मग दुसरा. तिसऱ्याला ती कुरकुरत सुटली. गार वारा आत आला, वासरांनी सगळ्यांनी एकदमच तोंडं वर केली, आणि माझ्या हातातल्या यंत्रावरचा आकडा उतरू लागला.

"आणि जेवायला?" लव्हॉन म्हणाली. आवाजात अजून राग होता, पण तिनं बाह्या वर सारल्या होत्या आणि दाताळं हातात घेतलं होतं. "येशील तेव्हा जेवायला थांबणार की नाही, एवढं तरी आधी सांगशील की नाही?"

"तेही नाही सांगणार," मी म्हटलं.